मी टॅकल करते

आमच्या गुरुग्रामच्या ऑफिसात दर सोमवारी सकाळी भिंतीवरच्या पडद्यावर एक तक्ता उजळतो. आठवड्याच्या सगळ्या अडचणी त्यात ओळीने मांडलेल्या असतात आणि ज्या अडचणीला कुणी वाली नाही तिची ओळ लाल असते. साहेब एकेका लाल ओळीपाशी थांबतात, खोलीतले सगळे आपापल्या पाण्याच्या बाटलीचं झाकण तपासायला लागतात आणि मग कुणीतरी म्हणतं, "आय विल टॅकल इट." तत्क्षणी ती ओळ पिवळी होते. पिवळ्या ओळीबद्दल पुढचे तीन आठवडे कुणी काही विचारत नाही, कारण विचारणं म्हणजे सहकाऱ्यावर अविश्वास दाखवणं. तीन आठवड्यांत ती अडचण एकतर आपोआप मरते, नाहीतर नवीन नाव घेऊन पुन्हा लाल होऊन येते आणि आम्ही तिचं नव्याने स्वागत करतो.

या कलेत मी ऑफिसातल्या पहिल्या तिघांत आहे. ही बढाई नाही, माझ्या वार्षिक मूल्यमापनात तसं लिहिलेलं आहे. 'अवघड प्रश्न स्वतःहून अंगावर घेते,' असं. घेतल्यावर त्यांचं काय करते हे लिहायला त्या फॉर्मात जागा नाही.

कराडहून पुण्याला आणि पुण्याहून दिल्लीला आले तेव्हा हा शब्द मला फार रुबाबदार वाटला होता. आपल्या मराठीत मोठी पंचाईत असते. 'सोडवते' म्हटलं तर ते सुटायला हवं. 'निस्तरते' म्हटलं तर आधी कुणीतरी घाण केलीय हे कबूल करावं लागतं. 'बघते' म्हटलं तर समोरचा लगेच ओळखतो की ही काही बघत नाही. टॅकल करते म्हटलं की बाह्या सरसावल्यासारखं वाटतं आणि हात कोरडे राहतात. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, पण वाढतात मात्र काचेच्या खोलीत आणि वातानुकूलित.

आमच्या साहेबांकडे तर खरंखुरं टॅकल आहे. ते दर दोन-तीन महिन्यांनी उत्तराखंडात नदीवर मासे धरायला जातात आणि त्यासाठी त्यांच्याजवळ एक पेटी आहे, तिला ते 'माय टॅकल' म्हणतात. एकदा त्यांनी ती ऑफिसात आणली होती. गळ, भिंगऱ्या, पिसांची खोटी माशी, रबराचा खोटा किडा, सगळं आपापल्या कप्प्यात. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. मी विचारलं, "सर, पिछली बार कितनी मछली मिली?" साहेब प्रेमळ हसले. म्हणाले, हा खेळ मासळी खाण्यासाठी नसतो, सभ्य माणसं मासा पकडतात आणि परत पाण्यात सोडून देतात. मी म्हटलं, मग आपल्या सोमवारच्या मीटिंगसारखंच की. हे अर्थात मनात म्हटलं. माझी बढती अजून व्हायची होती.

माझा नवरा नोएडात एका कारखान्यात मेंटेनन्स सांभाळतो. त्याच्याकडे टॅकल म्हणजे लोखंड. चेन-पुली, हुक, तारेचे दोर, जड यंत्र उचलायला लागतं ते सगळं. त्याच्या भाषेत 'टूल्स-टॅकल्स'. प्रत्येक वस्तूवर पत्र्याचा बिल्ला असतो, ही किती वजन उचलेल आणि शेवटची तपासणी कधी झाली ते त्यावर ठोकलेलं असतं. तपासणीची मुदत टळली की ती वस्तू बाजूला, मग कितीही घाई असो. एकदा माझी सोमवारची कहाणी ऐकून तो पोह्यावर लिंबू पिळत म्हणाला, "तुमच्या लोकांनाही बिल्ले लावायला पाहिजेत." मला राग आला. कारखान्यातल्या माणसाला बौद्धिक काम काय कळणार, असं मी बोलले नाही, पण चहा मात्र थंड दिला.

आणि मग आमची लेक. दहावीत आहे, काडीसारखी आहे आणि शाळेच्या कबड्डीच्या संघात लेफ्ट कॉर्नरला खेळते. मीही कराडला शाळेत असताना लाल मातीत खेळायचे. तेव्हा आम्ही त्याला पकड म्हणायचो आणि गुडघे वर्षभर सोललेले असायचे. ही मॅटवर, बूट घालून खेळते. मी एकदा तिला म्हटलं, तुझी पकड छान झाली, तर म्हणाली, "आई, टॅकल बोल ना यार." तिची खासियत म्हणजे घोटा धरणं. चढाईवाली मुलगी बोनससाठी पाय पुढे टाकते ना, तेवढ्या क्षणात ही खाली वाकते आणि दोन्ही हातांनी घोटा आवळते. मग ती दुसरी मुलगी दुप्पट आकाराची का असेना. बाकीच्या सहा जणी येऊन पडेपर्यंत ही एकटी धरून ठेवते. सुटली तर सुटली, धरली तर धरली, शिट्टी वाजते आणि पंच हात वर करतो. मला त्या खेळाचा हेवा वाटतो. तिथे पिवळा रंग नाही.

या वर्षी ऑगस्टमध्ये एका गुरुवारी ती फॉर्म घेऊन आली. झोनल स्पर्धेसाठी शाळेचा संघ जाणार होता आणि तिचं नाव पहिल्या सात जणींत होतं. तिच्या वयोगटातलं हे शेवटचं वर्ष. फॉर्मवर आई आणि वडील दोघांच्याही सह्या हव्या होत्या, कारण मागे कुठल्यातरी पालकाने येऊन शाळेत तमाशा केला होता. पुढच्या शुक्रवारपर्यंत द्यायचा होता.

"बाबा मानेल ना?" तिने विचारलं.

हा प्रश्न पडायला कारण होतं. दीड वर्षापूर्वी सरावात तिची करंगळी मोडली होती. नवरा तिला दवाखान्यात घेऊन गेला, प्लास्टर घालून आणलं आणि गाडीच्या किल्ल्या टेबलावर आपटून म्हणाला, "पुरे आता ही कबड्डी." घाबरलेल्या बापाचं बोलणं ते. तास-दोन तासांनी तो स्वतःच विसरला. पण मी ऑफिसातली बाई. एकदा नोंदवलेली हरकत माझ्याकडे नोंदलेलीच राहते.

"तू बाबांना एक शब्द बोलू नकोस," मी तिला म्हटलं. "कबड्डीचा विषयच काढू नकोस काही दिवस. मी टॅकल करते."

तिने मान डोलावली आणि फॉर्म माझ्या हातात दिला. मी तो लॅपटॉपच्या बॅगेतल्या आतल्या कप्प्यात ठेवला.

आता आमच्यात एक रीत आहे, ती बाहेरच्यांना कळायची नाही. कुणाकडून होकार हवा असेल तर त्याला सरळ विचारायचं नसतं. सरळ विचारलं तर तो सरळ नाही म्हणू शकतो, आणि मग संपलं. आधी जमीन तयार करायची. त्याचा मूड बघायचा, आडून सुचवायचं, त्याला ती कल्पना स्वतःचीच वाटायला लागली की मग समोर कागद ठेवायचा. याला 'अलाइनमेंट' म्हणतात आणि त्यावर मी दोनदा प्रशिक्षण दिलेलं आहे. ज्या माणसाबरोबर सतरा वर्षं एका मच्छरदाणीत झोपले त्याला मी आता अलाइन करायला निघाले.

शुक्रवारी मी त्याच्या आवडीची मटाराची उसळ केली. तो दोनदा वाढून घेऊन झोपला. शनिवारी सहज बोलता बोलता माझ्या एका मावसबहिणीच्या मुलीला खेळाच्या कोट्यातून कॉलेज मिळाल्याचं सांगितलं. तो "अच्छा" म्हणाला. मी मनातल्या मनात ते सकारात्मक म्हणून टिपलं. रविवारी त्याला सर्दी झाली, सर्दीत माणसं नकार देतात. सोमवारी त्याच्या कारखान्यात तपासणीचं पथक आलं होतं, तो कपाळाला आठ्या घालून घरी आला. मंगळवारी मेट्रोत बसायला जागा मिळाली, तर मी लॅपटॉप उघडून चार स्लाइड्स केल्या: फायदे, जोखीम, अभ्यासावर होणारा परिणाम आणि पुढची वाटचाल. जोखमीच्या स्लाइडवर करंगळीचं चित्रही टाकलं. शेजारी बसलेल्या बाई वाकून बघत होत्या. त्यांना वाटलं असेल मी हाडांची डॉक्टर आहे.

लेक रोज सकाळी बुटाची नाडी बांधताना विचारायची, "आई, झालं?"

"चाललंय," मी म्हणायचे. "टॅकल करतेय."

ती पुन्हा मान डोलवायची. त्या मान डोलावण्यात काडीचाही संशय नव्हता. तक्त्यावरची ओळ पिवळी झाली होती आणि सगळ्यात आधी माझ्यासाठीच झाली होती. काम हातात घेतल्याचं समाधान मला इतकं पुरलं की काम करायचं राहिलंय हे मला जाणवतच नव्हतं. बुधवारी स्लाइड्सचा रंग बदलला. गुरुवारी आमचा तिमाहीचा आढावा सुरू झाला. शुक्रवारही आढाव्यात गेला. शुक्रवार ही काय तारीख होती हे मला त्या दिवशी आठवलंदेखील नाही. शनिवार-रविवार मी झोप भरून काढली.

पुढच्या बुधवारी दुपारी चार्जर शोधताना बॅगेतून तो फॉर्म बाहेर आला. मी ऑफिसच्या पँट्रीत उभी होते. हातातला कॉफीचा कप मी नक्की कुठे ठेवला ते आजही आठवत नाही. साहेबांना न सांगता मी खाली उतरले, कॅब केली आणि द्वारकेतल्या तिच्या शाळेच्या रस्त्याला लागल्यावर नवऱ्याला फोन केला. स्लाइड्स दाखवायची सोय नव्हती. मूड विचारायला वेळ नव्हता. मी धडधड बोलले, "हे बघ, शाळेचा संघ झोनलला चाललाय, तिचं नाव आहे, दोघांच्या सह्या हव्यात, तुझं काय म्हणणं आहे?"

"कुठे करायची सही?" तो म्हणाला.

मी फोन कानापासून दूर धरून पडद्यावर त्याचंच नाव आहे ना ते बघितलं. त्याला वाटलं फोन कट झाला.

"अगं ऐकतेस ना? मी निघून शाळेत येऊ का? आणि मी तुला विचारणारच होतो, हल्ली ती घरी कबड्डीचं काहीच कसं बोलत नाही? मला वाटलं, सोडली की काय तिने. चांगली खेळते गं ती, सोडायला नको."

तो अजून काही बोलत होता. मी कॅबवाल्याला गाडी जरा जोरात घ्यायला सांगितलं, जणू काही त्याच्यामुळेच उशीर झाला होता.

शाळेचे पीटी सर हरियाणाचे. उंच, शांत, गळ्यात शिट्टी. मी सही केलेला फॉर्म पुढे केला. दुसऱ्या सहीची जागा कोरी होती, पण फोनवर होकार आलाय, वडील निघालेच आहेत, तास-दीड तासात पोहोचतील, असं सगळं मी एका दमात सांगितलं. त्यांनी फॉर्म हातातही घेतला नाही.

"मैडम, लिस्ट तो कल चली गई. शुक्रवार को देनी थी. मैंने चार दिन रोक के रखी, आपकी बेटी के लिए."

मी म्हटलं, काहीतरी करता येईल का, मी झोनच्या ऑफिसात बोलते, पत्र देते. माझा ऑफिसचा आवाज आपोआप लागला होता.

"मैंने तो उससे कहा था, पापा से मैं खुद बात कर लेता हूं. बोली, नहीं सर, मम्मी ने मना किया है, मम्मी टैकल कर रही हैं. रोज यही बोलती थी. मुझे लगा घर में कोई बड़ी बात होगी." त्यांनी जरा अवघडून माझ्याकडे पाहिलं. "सब ठीक है ना मैडम, घर पे?"

घरात सगळं ठीक होतं. मी हे त्यांना कसं सांगणार होते? घरात मटाराची उसळ होती, सर्दी होती आणि एक बाप होता जो कुठे सही करायची एवढंच विचारत होता. त्या कोरड्या मैदानावर मला माझी इतकी लाज वाटली की मी सरांना नीट धन्यवादही म्हटलं नाही.

लेक पलीकडे मॅटवर सराव करत होती. तिच्या जागी जी मुलगी जाणार होती तिला ती घोटा कसा धरायचा ते शिकवत होती, स्वतःचा पाय पुढे करून. मला फाटकापाशी फॉर्म घेऊन उभी बघितल्यावर तिला सगळं कळलं. ती आली. तिने माझ्या हातातल्या कागदाकडे पाहिलं.

"कोई बात नहीं, आई," ती म्हणाली.

घरात ती माझ्याशी मराठीतच बोलते. हिंदी तिची बाहेरच्यांसाठी असते, रिक्षावाल्यासाठी, शेजारच्या काकूंसाठी, शाळेतल्या बाईंसाठी. मी तिच्या खांद्यावर हात ठेवायला गेले, तर तिने बूट बांधायचं निमित्त करून खाली वाकून घेतलं.

स्पर्धेच्या दिवशी आम्ही दोघं गेलो. सरांना तिला राखीव म्हणूनही नेता येत नव्हतं, पण सामान सांभाळायला म्हणून त्यांनी तिला संघाबरोबर येऊ दिलं होतं. ती रेषेबाहेर पाण्याच्या बाटल्या घेऊन बसली होती. लेफ्ट कॉर्नरला ती दुसरी मुलगी. मला वाटत होतं, आणि हे लिहायला मला बरं वाटत नाही, की त्या मुलीने निदान एकदा तरी हात सोडावा. तिने नाही सोडला. एका धिप्पाड मुलीचा घोटा तिने असा धरला की सगळा संघ येऊन पडेस्तोवर ती हलली नाही. सगळ्यात जोरात टाळ्या माझ्या लेकीने वाजवल्या. माझ्या शेजारी नवरा बाकावर उभा राहून ओरडत होता, "घोटा धर! घोटा!" आजूबाजूचे दिल्लीवाले पालक त्याच्याकडे बघत होते, हा काय ओरडतोय म्हणून. त्याला चढाया, पकडी, बोनस, सगळं पाठ होतं. तिचे आधीचे सामने तो फोनवर बघायचा, जेवणाच्या सुट्टीत, सरांनी पालकांच्या ग्रुपवर टाकलेले. मला हे माहीत नव्हतं. मी त्या ग्रुपची सूचना बंद करून ठेवली होती.

संघ जिंकला आणि पुढच्या फेरीत गेला.

परत येताना लेक मागच्या सीटवर झोपली, किंवा झोपल्यासारखी पडली. नवऱ्याने ना आवाज चढवला ना टोमणा मारला, खरं तर त्याने तो मारावा अशी माझी इच्छा होती. एका सिग्नलला गाडी थांबली तेव्हा समोर बघतच त्याने विचारलं, "मी एवढा अवघड माणूस आहे का गं?"

मी नाही म्हटलं. घरी येऊन मी त्या चार स्लाइड्स उडवल्या, पण ते म्हणजे वरातीमागून घोडं. लेकीला सॉरी म्हणायचं मी दोन दिवस ठरवत होते. तिसऱ्या दिवशी म्हटलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आई, तू जसं फोनवर क्लायंटला सॉरी बोलतेस ना, सेम तसंच वाटलं." ती रागावून बोलली नव्हती. तिला खरंच तसं वाटलं होतं, म्हणून तिने सांगितलं.

सोमवारच्या मीटिंगला मी अजून जाते. तोंड उघडायच्या आधी थोडं अडखळते, एवढाच फरक. सुधारले वगैरे म्हणवत नाही. परवाच मी एक लाल ओळ पिवळी केली आणि घरी येईपर्यंत ती काय होती ते विसरलेही होते.

नोव्हेंबरात पुन्हा एक कागद आला. हिवाळी शिबिर, कबड्डीचंच, पुन्हा दोघांच्या सह्या. रविवारची सकाळ होती, आम्ही दोघं नाश्त्याला बसलो होतो. लेकीने ताटल्या बाजूला सारल्या, टेबल पुसलं, कागद मधोमध ठेवला आणि त्यावर पेन. आधी बापाकडे दिलं. त्याने खाली सही केली.

मी म्हटलं, "ठेव इथे, मी जरा वाचते आणि..."

"वाच ना," ती म्हणाली. "मी थांबते."

आणि ती खरंच थांबली, माझ्या खुर्चीला खेटून, हाताची घडी घालून. मी वाचल्यासारखं केलं. एक अक्षर डोक्यात शिरलं नाही. मी सही केली, आणि पेनची शाई वाळायच्या आत तिने कागद माझ्या हाताखालून काढून घेतला.